कमान, टेकू आणि पट्टा

गेल्या शनिवारी सकाळी आठ वाजता भाच्याचा फोन आला. विकांताला सकाळी आठ ही मला फोन करायची वेळ नव्हे हे त्याला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला. पण साहेब मजेत होते.

"मामा, फोटो बघितलास का? काल रात्री रोल बार बसवला. कसला भारी दिसतोय!"

तर पार्श्वभूमी अशी. भाचा पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या टीमबरोबर बाहा स्पर्धेची बग्गी बनवून झाली, हात शिवशिवायला लागले, आणि आता तो व त्याचे तीन मित्र भोसरीतल्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये रात्री जागून स्वतःची टू-सीटर स्पोर्ट्स कार बनवताहेत. भंगारातल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन, एक इंची चौकोनी पाईपची चासी, वर छप्पर नाही. गाडी रस्त्यावर आणायची नाही, एका मित्राच्या वडिलांच्या मोकळ्या प्लॉटवरच फिरवायची, या अटीवर ताईने परवानगी दिली आहे.

फोटो उघडला. सीटांच्या मागे पॉलिश केलेल्या पाईपची एक चकचकीत कमान ताठ उभी होती. खाली दोन्ही पायांना दोन-दोन बोल्ट. मागून आधार काही नाही. आणि खांद्यावरून येणारे लालभडक पट्टे सीटच्या पाठीमागून थेट खाली उतरून फ्लोअरच्या पत्र्याला बोल्ट केलेले.

"पट्टे पत्र्याला का लावलेत रे?"

"तिथे जागा होती."

"आणि कमानीला मागून टेकू?"

"मामा, त्याने चार किलो वजन वाढतं. लुकपण जातो. आणि आपल्याला कोण तपासणारे?"

हे शेवटचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. बाहामध्ये जाडजूड नियमपुस्तक असतं, तपासनीस असतात, ते पट्टा ओढून बघतात, पाईपची जाडी मोजतात. घरी बनवलेल्या गाडीला यातलं काहीच नाही. फोनवर लेक्चर दिलं असतं तर पोराने "हो हो" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून हा लेख. त्याच्यासाठी, आणि ज्यांना गोष्टी मुळापासून ऐकायला आवडतात अशा तुमच्यासाठी. नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्द्यावर येतो.

घरी गाडी बनवायचं खूळ

हे खूळ मूळचं इंग्रजांचं. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना त्याने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली स्पर्धेची गाडी बनवली. कुठे? तर होणाऱ्या बायकोच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. त्यातून पुढे लोटस कंपनी उभी राहिली आणि १९५७ साली आली लोटस सेव्हन. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन सीटा, वजन जेमतेम पाचशे किलोच्या आसपास.

या गाडीच्या लोकप्रियतेत इंग्लंडच्या करखात्याचा मोठा हात आहे. तयार गाडीवर तिथे परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे तयार सेव्हन १०३६ पौंडांना पडायची आणि तीच गाडी खोक्यातून सुटी घेतली तर ५३६ पौंडांना! कर वाचवायचा तर जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती, म्हणून लोटसने गाडी 'सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या वाचल्या, असा किस्सा सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि करातली ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती गाडी तिथे आजही बनते.

तरी खरा धमाका झाला १९९६ साली. रॉन चॅम्पियन नावाच्या एका शिक्षकाने पुस्तक लिहिलं आणि हेन्सने ते छापलं: अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा! जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन-गिअरबॉक्स आणि एक इंची चौकोनी पाईप, दीडेक मिलिमीटर जाडीचा. या गाड्यांना 'लोकॉस्ट' नाव पडलं आणि इंग्लंडातल्या गॅरेजागॅरेजांत ठिणग्या उडायला लागल्या. भाच्याची चासी ही त्याच पुस्तकाची नातवंडं.

२००७ साली मी ऑनसाईट इंग्लंडात होतो तेव्हा हापिसातला एक सहकारी अशीच लोकॉस्ट बनवत होता. रविवारी मी त्याच्या गॅरेजमध्ये पाने हातात द्यायला जायचो. (मेकॅनिकलची डिग्री वाया गेली नाही म्हणायची.) त्याची एक सवय होती. गाडीचा कुठलाही भाग दाखवायचा, त्यावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, जोर इथे आला, आता तो जाणार कुठे? मग बोट पाईपवरून सरकवत न्यायचं, जोड आला की पुढच्या पाईपवर जायचं, असं करत करत चाकापर्यंत किंवा चासीच्या दणकट भागापर्यंत पोचायचं. बोट मध्येच कुठे अडलं, की तिथे गाडी मोडणार.

भाच्याच्या फोटोवर मी हेच केलं. बोट दोन ठिकाणी अडलं.

पट्टा नको, बाहेर फेकलेलं बरं

आज विचित्र वाटेल, पण १९५० च्या दशकात रेसिंगवाल्यांचा पट्ट्याला चक्क विरोध होता. गाडी उलटली तर आत अडकून जळण्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं बरं, असा हिशोब. आणि त्या काळातल्या गाड्या बघितल्या तर तो अगदीच वेडगळ नव्हता. चालकाच्या डोक्यावर काही नाही, शेजारी पेट्रोलची टाकी. अशा उघड्या गाडीत माणसाला घट्ट बांधून ठेवलं आणि गाडी पालथी झाली, तर गाडीचं वजन झेलायला त्याच्या मानेशिवाय दुसरं आहेच काय?

पट्ट्याच्या बाजूचा पुरावा विमानवाल्यांकडून आला. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेतलं, ताशी १०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि ती गाडी १.४ सेकंदांत थांबली. ४६.२ जी! डोळ्यांपुढे काही काळ अंधार झाला, पण माणूस जगला. नीट बांधलेलं शरीर वाटतं त्यापेक्षा खूप जास्त सहन करतं हे त्याने सिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबने आपल्या स्पर्धांत कमरेचा पट्टा सक्तीचा केला. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनचा तीन बिंदूंचा पट्टा आला, जो आज आपल्या सगळ्यांच्या गाडीत आहे.

कमानीचा प्रवास वेगळ्याच रस्त्याने चालला होता. फॉर्म्युला वनने १९६१ मध्ये रोल बार सक्तीचा केला, पण पट्टा नाही! आणि त्या वेळच्या कमानी तरी कशा? पातळ नळीच्या, कित्येकदा चालकाच्या डोक्यापेक्षा ठेंगण्या. नियम पाळल्याचं समाधान, बस्स. म्हणजे कुठे पट्टा आहे तर कमान नाही, कुठे कमान आहे तर पट्टा नाही. आणि पट्टा नसलेल्या माणसाला कमानीचा उपयोग काय? गाडी उलटेपर्यंत तो कमानीखाली राहायला तर हवा!

१९६६ च्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये स्पाच्या पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. पट्टा नव्हताच. चेपलेल्या गाडीत स्टिअरिंगखाली पाय अडकलेले, अंगावर पेट्रोल झिरपतंय, अशा अवस्थेत तो सुमारे २५ मिनिटं होता. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या दोघा स्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टिअरिंग सोडवून त्याला बाहेर काढलं. त्यानंतर स्टुअर्ट गाडीत पाना चिकटवून ठेवायला लागला आणि सुरक्षेसाठी सगळ्यांच्या शिव्या खात वर्षानुवर्षं भांडला.

अर्धा पट्टा

पण मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट योखेन रिंटची आहे. १९७० साल, गाडी लोटस ७२, म्हणजे त्याच चॅपमनची. रिंट गुणतक्त्यात सगळ्यांच्या पुढे. पट्टे वापरत होता, पण आगीची धास्ती. गाडीतून पटकन बाहेर पडता यावं म्हणून मांड्यांमधून येणारा पट्टा तो लावायचा नाही.

५ सप्टेंबरला मोंझाच्या सरावात पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. शरीर पुढे-खाली घसरलं, कमरेवर राहायला हवा होता तो पट्टा वर सरकत गळ्यापाशी गेला आणि त्यानेच घात केला. उरलेल्या शर्यतींत कोणी त्याचे गुण ओलांडू शकलं नाही, आणि रिंट मरणोत्तर विश्वविजेता झाला. फॉर्म्युला वनने सहा बिंदूंचे पट्टे सक्तीचे केले ते १९७२ साली.

त्या मधल्या पट्ट्याचं काम माणसाला धरून ठेवणं हे नाहीच. त्याचं काम कमरेच्या पट्ट्याला जागेवर, म्हणजे कमरेच्या हाडावर, धरून ठेवणं. खांद्याचे पट्टे ताणले की ते बक्कल वर खेचतात. मधला पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा हाड सोडून पोटावर चढतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मॉड्यूल सुटं तपासलं तर पास, एकत्र जोडलं की क्रॅश.

आता भाच्याचा फोटो

आधी आकडा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर सरासरी जवळपास २० जी होतात. ७५ किलोचा माणूस त्या क्षणी १५०० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहतो. दीड टन! एफआयएचा नियम सांगतो की पट्ट्याच्या प्रत्येक टोकाने १४७० डेकान्यूटन ओढ सोसली पाहिजे, मांड्यांमधल्या पट्ट्याच्या टोकाने ७२०. ते १४७० म्हणजे बरोबर हेच दीड टन. एकेका टोकाला.

हा जोर एक मिलिमीटरच्या पत्र्याला लावलेल्या बोल्टवर आला तर काय होईल? बोल्ट शाबूत राहील, फक्त वॉशरच्या आकाराचं भोक पाडून पत्र्यातून निघून येईल. म्हणून पत्र्यापलीकडे निदान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. चासीच्या पाईपलाच टोक द्यायचं तर पाईपला नुसतं भोक पाडायचं नाही, त्याने पाईप तिथेच कमजोर होतो. आटे पाडलेला जाड बुश पाईपमध्ये घालून वेल्ड करायचा.

दुसरं, पट्ट्याचा कोन. खांद्यावरून पट्टा साधारण आडवा मागे गेला पाहिजे. नियमात खाली उतरण्याची मर्यादा ४५ अंश आहे आणि शिफारस १० अंशांच्या आत. का? ढोबळ हिशोब करू. पट्ट्याने तुम्हाला मागे धरायला १०० किलोचा जोर लावला, तर १० अंशांना मणक्यावर खाली दाबणारा जोर १८ किलो. ४५ अंशांना तोच पूर्ण १०० किलो. आणि भाच्यासारखा पट्टा जवळजवळ सरळ खाली गेला, तर तो माणसाला मागे धरतच नाही, नुसता सीटमध्ये दाबतो. वर पट्टा जितका लांब तितका ताणतो जास्त, म्हणजे डोकं तितकं पुढे जाणार.

मग पट्टा खांद्याच्या उंचीला मागे बांधायचा कशाला? उघड्या गाडीत त्या उंचीवर एकच गोष्ट असते. कमान. कमानीच्या दोन पायांमध्ये खांद्याच्या जरा खाली एक आडवा पाईप वेल्ड करायचा आणि पट्टे त्याला. इथे दोन वेगळे इतिहास एका पाईपवर येऊन भेटतात.

आणि इथेच टेकूशिवायची कमान घातक ठरते. समजा दोन्ही पट्ट्यांनी मिळून आडव्या पाईपला ८०० किलोने पुढे ओढलं आणि तो पाईप जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पान्याला ८०० किलो लटकवून तुम्ही कमानीचे पाय पिळताय. तळाचे चार बोल्ट आणि दीड मिलिमीटरचा पाईप किती वेळ टिकणार? कमान पुढे वाकणार, तिच्याबरोबर पट्टे सैल पडणार, आणि त्याच अपघातात गाडी पुढे उलटली तर डोक्यावर यायची ती कमान आधीच झोपलेली.

गणपतीच्या मांडवाचा वासा आठवा. नुसता रोवला तर पहिल्या वाऱ्याला कलतो, म्हणून मागून दोर ताणतात. पण दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. कमानीला दोन्ही लागतं. समोरून धडक बसली की पट्टे कमानीला पुढे खेचतात, टेकू ताणला जातो. गाडी पालथी होऊन पुढे घसरली की जमीन कमानीला मागे रेटते, टेकू दाबला जातो. म्हणून टेकू पाईपचेच हवेत आणि सरळ हवेत, कारण वाकवलेला पाईप दाबला की आणखी वाकतो. एफआयएच्या नियमात ते कमानीच्या वरच्या वाकणांजवळून निघतात आणि उभ्या रेषेशी निदान ३० अंशांचा कोन करतात. बाजूने येणाऱ्या जोरासाठी कमानीच्या आत एक कर्ण. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा अडीच जाडीचा किंवा ५० चा दोन जाडीचा सीमलेस पाईप. बोल्ट केलेल्या पायाखाली ३ मिलिमीटरची १२० चौरस सेंटिमीटर प्लेट, निदान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे.

टेकूचं खालचं टोक कुठे टेकतं हेही तितकंच महत्त्वाचं. चासीच्या पातळ पाईपच्या मधोमध टेकलं तर त्या पाईपला खड्डा पडेल. दोन-तीन पाईप एकत्र येतात त्या जोडावर टेकलं पाहिजे. पुन्हा तेच, बोट न अडता पुढे जायला हवं.

"हे सगळं जुनं झालं मामा" असं कोणी म्हणेल म्हणून अलीकडची एक गोष्ट. ३ जुलै २०२२, सिल्व्हरस्टोन. सुरुवातीलाच झो ग्वानयूची अल्फा रोमिओ उलटली आणि पालथीच घसरत गेली. फॉर्म्युला वनची, संगणकावर हजार वेळा तपासलेली गाडी, आणि तिची कमान तुटली! 'हेलो' नावाची चालकाभोवतीची चौकट होती म्हणून तो वाचला. २०२३ च्या नियमांत कमानीचा माथा गोलसर केला, जेणेकरून ती जमिनीत रुतू नये, आणि कमानीला पुढच्या दिशेने ढकलून बघायची नवी चाचणी आली. चॅपमनच्या गॅरेजपासून पाऊणशे वर्षं उलटली, तरी एका दिशेचा जोर तपासायचा राहूनच गेला होता.

तर..

शनिवारी रात्री भाच्याला परत फोन केला. रिंटची गोष्ट सांगितली, बाकी काही नाही. मग विचारलं, "पहिली राइड कोणाला देणार?"

"चिऊला." चिऊ म्हणजे त्याची धाकटी बहीण. वय तेरा.

मी म्हटलं, "ठीक. आता फोटो काढ आणि चिऊच्या सीटच्या पट्ट्यावर बोट ठेव. तिथून सरकवत चासीपर्यंत ने. कुठे अडतं ते सांग."

बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मागे शेडमधला ग्राइंडर तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाला, "पत्र्यावर अडतं." आणि जरा थांबून, "वर गेलं तरी कमानीच्या पायाशी अडतंच."

मंगळवारी मेसेज आला. कमान कापली. तो पाईप साधा शिवणीचा होता आणि वाकवताना आतल्या बाजूला चपटा झाला होता, हे कापल्यावर दिसलं. पॉलिशखाली लपलं होतं सगळं. सीमलेस पाईप सांगितलाय, टेकू आणि कर्ण धरून वजन सहा किलोने वाढणार आहे, आणि त्यावरून टीममध्ये भांडण चालू आहे. चालू दे.

येत्या शनिवारी मी भोसरीला जाणार आहे. बरोबर टेप आणि एक सरळ काठी. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात मागच्या कमानीच्या माथ्यापासून पुढच्या कमानीच्या माथ्यापर्यंत रेघ धरली तर हेल्मेट तिच्या ५० मिलिमीटर तरी खाली राहावं लागतं. भाचा सहा फूट एक इंच आहे, आणि फोटोवरून मला शंका आहे की ती काठी त्याच्या कपाळाला लागणार. मग भांडण आणखी पेटेल, पण ताईने यावेळी पोह्यांचं आमिष दाखवलंय, त्यामुळे जाणं भाग आहे.

असो. तुमच्या गाडीला रोल बार नसेल, पण पट्टा आहे. मागच्या सीटवर बसलात तरी.